कॉलेजचा मोठा कार्यक्रम आणि पैशांची व्यवस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की गॅदरिंग, महोत्सव आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम सुरू होतो, आणि सांस्कृतिक सचिव, खजिनदार, नव्यानेच ही जबाबदारी अंगावर आलेले प्राध्यापक यांचे मेसेज येऊ लागतात. विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून काम करताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न कॉलेज डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. अभिमत किंवा खासगी विद्यापीठात मंजुरीची साखळी वेगळी असेल, पण बँक, बिलं आणि करांचं गणित साधारण हेच. करांचे दर आणि मर्यादा बदलत राहतात, म्हणून रक्कम मोठी असेल तर संस्थेच्या सीएंना आधी विचारा.

१. आमचा कार्यक्रम 'मोठा' आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

रकमेवरून ओळखू नका. बाहेरचे प्रेक्षक येणार आहेत, बाहेरचा पैसा येणार आहे, किंवा मोकळ्या मैदानात संध्याकाळी कार्यक्रम आहे, यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी तो मोठा समजा. वर्गातल्या वक्तृत्व स्पर्धेला प्राचार्यांची मंजुरी आणि दोन व्हाउचरं पुरतात. वरच्या तिन्हींत मात्र पोलीस, महापालिका, कर आणि विमा असे सगळेच विषय येतात.

२. पैसा नेमका कुठून कुठून येऊ शकतो?

प्रवेशाच्या वेळी भरलेल्या फीमधलं सांस्कृतिक, स्नेहसंमेलन किंवा विद्यार्थी कल्याण शीर्ष (म्हणजे हिशेबात त्या कामासाठी वेगळी दाखवलेली रक्कम), संस्थेने स्वतःच्या निधीतून दिलेली रक्कम, विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाचं अनुदान, प्रायोजक, स्टॉलचं भाडं, स्पर्धांचं प्रवेशशुल्क, तिकीट, स्मरणिकेतल्या जाहिराती आणि माजी विद्यार्थी. यांतले पहिले दोन मार्ग भरवशाचे, तिसरा उशिरा येणारा आणि बाकीचे सगळे अनिश्चित. हा फरक अंदाजपत्रकात दिसलाच पाहिजे, तो कसा दाखवायचा ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. आमच्या फीच्या पावतीवर 'सांस्कृतिक शुल्क' लिहिलेलं असतं. ते किती जमतं, कुठे जातं, हे विचारायचा आम्हाला हक्क आहे का?

आहे, आणि विचारायलाच हवं. पावतीवरचं एकेक शीर्ष नीट वाचा. काही शुल्कांचा ठरलेला वाटा कॉलेज विद्यापीठाकडे भरतं, उरलेला कॉलेजकडे राहतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि कॉलेजचं वार्षिक अंदाजपत्रक तिच्यासमोर येतं. म्हणून डिसेंबरमध्ये पैसे मागण्यापेक्षा जुलैत प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. गेल्या वर्षी या शीर्षाखाली किती जमा झालं, किती खर्च झालं आणि यंदा किती तरतूद आहे, एवढे तीनच प्रश्न लिहा. लेखापालांना ही माहिती काढायला फार वेळ लागत नाही. गेल्या वर्षीचा शिल्लक आकडा मुलांना माहीतच नसतो, आणि मग त्याच रकमेसाठी ती दुकानादुकानांतून वर्गणी मागत फिरतात. हे मला फार खटकतं.

४. विद्यापीठाचं अनुदान कसं मिळतं? ते कार्यक्रमाआधी हातात येतं का?

विद्यार्थी विकास मंडळ दरवर्षी परिपत्रक काढून वेगवेगळ्या उपक्रमांसाठी कॉलेजांकडून प्रस्ताव मागवतं. प्रस्ताव कॉलेजमार्फतच जातो, विद्यार्थी मंडळाच्या लेटरहेडवर नाही. मंजुरीपत्र आलं म्हणजे पैसे आले असं समजू नका. बऱ्याचदा पूर्ण रक्कम किंवा तिचा मोठा भाग कार्यक्रमानंतर मिळतो, तोही अहवाल, फोटो, मूळ बिलं, लेखापरीक्षित खर्चपत्रक आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) दिल्यावर. तोपर्यंत पैसे कोण घालणार, हे प्राचार्यांशी आधी बोलून ठेवा. मंजुरीपत्रातली शीर्षंही बारकाईने वाचा. 'व्याख्यात्याचं मानधन' म्हणून मंजूर झालेली रक्कम मांडवाला दाखवली तर ती नामंजूर होते.

५. अंदाजपत्रक कसं करायचं? आमच्याकडे गेल्या वर्षीची एक एक्सेल फाइल आहे.

आपल्याकडे आधी खर्चाची यादी होते आणि मग 'एवढे आणायचे कुठून' ही चर्चा सुरू होते. सुरुवात जमेच्या बाजूने करा आणि जमेचे तीन रकाने करा: हातात असलेला पैसा, लेखी कबूल झालेला पैसा, तोंडी कबूल झालेला पैसा.

समजा फीच्या शीर्षातून १,२०,००० आणि संस्थेकडून ६०,००० मिळून १,८०,००० रुपये हातात आहेत. दोन प्रायोजकांनी पत्र देऊन ९०,००० कबूल केले आहेत. 'करतो रे, दोन लाखांचं बघतो' असं एका माजी विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं आहे. मुलं लगेच ४,७०,००० चा कार्यक्रम आखतात. माझा आग्रह असतो की मूळ कार्यक्रम १,८०,००० मध्ये उभा राहिला पाहिजे. मांडव, वीज, साउंड, सुरक्षा, परीक्षकांचं मानधन, बक्षिसं, चहापान हे सगळं त्यात बसवा. लेखी आलेल्या ९०,००० मधून सजावट, जास्तीची स्पर्धा, बाहेरचा कलाकार करा. तोंडी रक्कम अंदाजपत्रकात शून्य धरा. ती आलीच तर पुढच्या वर्षाची पायाभरणी होईल.

एकूण खर्चाच्या निदान दहा टक्के आकस्मिक खर्च म्हणून बाजूला ठेवा आणि त्याला शेवटच्या दिवसापर्यंत हात लावू नका. गेल्या वर्षीची फाइल वापरा, पण तिचे आकडे उचलू नका. तिच्यातली शीर्षं उचला आणि दर नव्याने विचारा.

६. दर वर्षी खर्च अंदाजापेक्षा वाढतोच. नेमका कुठे वाढतो?

बहुतेक वेळा साउंड-लाइट-स्टेज या एका ओळीत. कोटेशनवर 'साउंड, लाइट, स्टेज – ८५,०००' एवढंच लिहिलं असेल तर ते परत पाठवा आणि या गोष्टी लिहून मागा: स्टेजची लांबी, रुंदी आणि उंची, स्पीकर किती, माइक किती आणि त्यांतले कॉर्डलेस किती, जनरेटर किती केव्हीएचा, डिझेल कोणाचं, किती तासांचं, ऑपरेटर दिवसभर थांबणार का, वाहतूक आणि हमाली धरली आहे का, आदल्या रात्री सामान लावलं तर भाडं एका दिवसाचं की दोन, आणि १८ टक्के जीएसटी धरून आहे की वेगळा. फक्त या शेवटच्या एका प्रश्नाने ८५,००० चे १,००,३०० होतात. बाहेरचा कलाकार येणार असेल तर त्याच्या टीमची तांत्रिक यादी आधी मागवा आणि तीच साउंडवाल्यासमोर ठेवा. कित्येकदा त्या यादीचा खर्च मानधनाच्या जवळपास जातो.

दुसरी गळती वेळेची. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमच्या कार्यक्रमाचा दिवस त्यात असेलच असं नाही. कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला आणि मुख्य कलाकाराला दहाच्या ठोक्याला थांबवावं लागलं, तरी मानधन पूर्णच द्यावं लागतं.

तिसरी बाब सुरक्षा. तिथला खर्च वाढत नाही, उलट मुलं तिथेच कात्री लावतात. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात टेकफेस्टमधल्या गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी झाली आणि चार जणांचा जीव गेला. खुल्या सभागृहाबाहेर गर्दी थांबलेली होती, पाऊस आला आणि सगळे एकाच वेळी दाराकडे धावले. तेव्हा बॅरिकेड, बाहेर पडायला जास्तीची दारं, पुरेसे सुरक्षारक्षक, रुग्णवाहिका आणि पावसाचा पर्यायी आराखडा, हे खर्च अंदाजपत्रकात सगळ्यांत वर लिहा. पैसे कमी पडले तर कलाकार लहान करा. या ओळींना हात लावू देऊ नका. कोणी कितीही आग्रह धरला तरी खजिनदाराने इथे ठाम राहावं.

७. खजिनदाराच्या फोनवर यूपीआयने पैसे घेतले आणि नंतर कॉलेजला दिले तर चालेल का?

नाही. ही सवय सगळ्यांत आधी मोडायला हवी. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या बचत खात्यात महिनाभरात दोन-तीन लाख येऊन गेले की ते त्याचं उत्पन्न नाही, हे सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर येते. पैसे पाठवणाऱ्यांपैकी एखाद्याच्या खात्याबद्दल सायबर तक्रार असली तर ही साखळी त्या मुलापर्यंत पोचते आणि त्याचंही खातं गोठू शकतं. मग त्याची शिष्यवृत्ती त्याच खात्यात अडकून बसते.

कॉलेजच्या खात्याचा क्यूआर कोड बँकेकडून मोफत किंवा नाममात्र खर्चात मिळतो. कार्यक्रमासाठी वेगळं उपखातं उघडता आलं तर उत्तमच. रोख घ्यावीच लागली तर छापील क्रमांकाच्या पावती पुस्तकावर घ्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कार्यालयात भरा. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका कार्यक्रमासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे.

८. साउंडवाला सरांच्या ओळखीचा आहे आणि स्वस्तही देतो. मग तीन कोटेशन कशाला?

तो खरंच स्वस्त आहे हे तीन कोटेशनांवरूनच कळेल. तीन बंद लिफाफे, तुलनात्मक तक्ता, खाली खरेदी समितीच्या सह्या, आणि सर्वांत कमी दर नाकारला असेल तर त्याचं एका ओळीत कारण. एवढं असलं की ओळखीच्या माणसाला काम देण्यातही कोणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. तिन्ही कोटेशनं एकाच प्रिंटरवरची आणि एकाच चुकीच्या स्पेलिंगची असतील तर लेखापरीक्षकाला ते पहिल्या नजरेत दिसतं. ठरावीक रकमेपुढे निविदा लागते. तुमच्या संस्थेची मर्यादा लेखाविभागात विचारा.

९. प्रायोजक कसे शोधायचे? मोठ्या कंपन्या उत्तरच देत नाहीत.

आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो महोत्सव १९७१ पासून आणि मुंबईच्याच झेवियर्स कॉलेजचा मल्हार महोत्सव १९७९ पासून चालत आला आहे. त्यांच्याकडे पाहून तालुक्याच्या कॉलेजनेही बहुराष्ट्रीय कंपनीला मेल टाकावा, यात वावगं काही नाही. पण उत्तर मिळण्याची शक्यता कमी. तुमच्या मुलांचा पैसा जिथे रोज खर्च होतो तिथे जा: क्लास, मेस, झेरॉक्स आणि स्टेशनरी, दुचाकींचे डीलर, मोबाइलचं दुकान, पतसंस्था, सहकारी बँकेची स्थानिक शाखा. या लोकांना तुमचं कॉलेज माहीत असतं.

जाताना दोन पानांपेक्षा जास्त नेऊ नका. पहिल्या पानावर कार्यक्रम, तारीख, येणाऱ्या विद्यार्थ्यांची खरी संख्या. दुसऱ्या पानावर तुम्ही काय देणार: स्टॉल किती बाय कितीचा, बॅनर कुठे, नाव किती वेळा घेणार. 'टायटल स्पॉन्सर' हा शब्द दोघांना विकू नका. संख्या फुगवून सांगू नका, कारण दुकानदार पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे आणि त्याच्याकडे तुमच्या ज्युनिअरना जायचं आहे. ठरलं की प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या आणि त्याच्याकडूनही रक्कम व तारीख लिहिलेलं पत्र घ्या. पैसे कार्यक्रमाआधी. बॅनर लागल्यानंतरची वसुली फार अवघड जाते.

१०. प्रायोजकत्व आणि देणगी यात फरक काय? जीएसटी लागतो का?

फरक मोबदल्याचा आहे. दुकानदाराने पैसे दिले आणि बदल्यात तुम्ही त्याचा बॅनर, स्टॉल, जाहिरात दिली तर ते प्रायोजकत्व. कोणी निरपेक्ष पैसे दिले आणि तुम्ही फलकावर किंवा पत्रिकेत कृतज्ञता म्हणून फक्त नाव लिहिलं, धंद्याची जाहिरात केली नाही, तर ती देणगी. देणगीवर जीएसटी नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. 'स्वर्गीय अमुक यांच्या स्मरणार्थ' ही ओळ चालेल. 'अमुक मोटर्स, आजच भेट द्या' ही ओळ आली की ती जाहिरात झाली.

प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी आहे. तो कोणी भरायचा, हे कॉलेज चालवणारी संस्था कोणत्या स्वरूपाची आहे आणि प्रायोजक कोण आहे यावर ठरतं. न्यास किंवा नोंदणीकृत सोसायटी चालवत असलेल्या कॉलेजला एखादी कंपनी किंवा भागीदारी फर्म प्रायोजित करत असेल, तर सर्वसाधारणपणे कर प्रायोजक स्वतः भरतो. मात्र १६ जानेवारी २०२५ पासून, पैसे घेणारी संस्था स्वतःच 'बॉडी कॉर्पोरेट' (कायद्याने निगमित झालेली संस्था) असेल तर कर तिनेच लावायचा आणि भरायचा आहे. विद्यापीठाने स्वतःच्या नावावर पैसे घेतले तर हा मुद्दा येतो. प्रायोजक एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर गणित पुन्हा बदलतं. त्यामुळे पत्रात 'सर्व करांसह' की 'कर वगळून' हे लिहायला विसरू नका, आणि पहिलं पत्र जाण्याआधी सीएंना एकदा दाखवा.

देणगीदाराला ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी पावती हवी असेल तर संस्थेकडे ती नोंदणी आहे का ते पाहा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही वजावट मिळत नाही.

११. कंपनी म्हणते 'आम्ही सीएसआरमधून देऊ'. घ्यायचे का?

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामासाठी करायचा खर्च. आधी विचारा, की बदल्यात त्यांना काय हवं आहे. कंपनी कायदा २०१३ च्या सीएसआर नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये मोजलंच जात नाही. एकाच दिवसाचे सोहळे, मॅरेथॉन, पुरस्कार समारंभही त्यात बसत नाहीत, हे २०१४ पासूनच स्पष्ट आहे. म्हणजे सीएसआरचा पैसा आणि स्टेजमागचा मोठा लोगो हे दोन्ही एकत्र जमत नाही.

तुमच्या महोत्सवात खरोखर शैक्षणिक किंवा आरोग्याचा भाग असेल, उदाहरणार्थ वर्षभर चालणारं कौशल्य प्रशिक्षण, तर त्याचा वेगळा प्रस्ताव करा. तो संस्थेमार्फत जातो आणि त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ (सीएसआरची कामं करण्यासाठीची) नोंदणी लागते. गॅदरिंगच्या घाईत हे होत नाही. जुलैत सुरुवात केली तर होऊ शकतं.

१२. कोणाचे पैसे घेऊच नयेत?

तंबाखू आणि सिगारेट कंपन्यांचे. २००३ च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातीवर आणि प्रायोजकत्वावर बंदी आहे. तेच नाव लावून सुपारी, वेलदोडा किंवा पाणी विकणाऱ्यांनाही नाही म्हणा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचे ॲप एके काळी कॉलेजच्या फेस्टमध्ये सढळ हाताने पैसे टाकत. २०२५ च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. झटपट कर्ज देणारे ॲप आणि 'गुंतवणूक शिकवतो' म्हणत मुलांचे नंबर गोळा करणारे यांच्यावर सरसकट बंदी नाही, पण मी त्यांना दारात उभं करत नाही. स्टॉलवर विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर भरून घेण्याची अट कोणीही घातली तरी ती पत्रातून काढून टाका.

१३. नगरसेवक किंवा आमदार मदत करायला तयार आहेत. त्यांच्या निधीतून घेता येईल का?

आमदार निधी कायमस्वरूपी कामांसाठी असतो. खोली, व्यासपीठ, व्यायामशाळा अशा गोष्टींसाठी प्रस्ताव देता येतो, एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी नाही. स्वतःच्या खिशातून कोणी देत असेल तर ती रक्कम संस्थेच्या नावे, पावती देऊन, इतर देणग्यांसारखीच घ्या. फ्लेक्सवर फोटो हवा ही अट असेल तर नम्रपणे नाही म्हणा, आणि ते 'नाही' विद्यार्थ्याने म्हणू नये, प्राचार्यांनी म्हणावं. आचारसंहिता लागू असेल तर हा विषय पूर्ण बाजूला ठेवा.

१४. अमेरिकेतले आमचे माजी विद्यार्थी पैसे पाठवायला तयार आहेत. काही अडचण?

पाठवणाऱ्याचं नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस न्यू जर्सीत राहत असो की दुबईत, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी अंशदान धरली जात नाही. पण ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, त्याचे पैसे परदेशी स्रोतातले ठरतात. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी अंशदानाचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी. त्याने पुण्यातल्या भावाच्या खात्यात पाठवायचे आणि भावाने कॉलेजला द्यायचे, ही पळवाट सुचवणारे भेटतात. तसं करू नका. एका कार्यक्रमापायी संस्था अडचणीत येते.

नोंदणी नसेल तर अशा माजी विद्यार्थ्यांकडून वेळ मागा. ऑनलाइन परीक्षण, कार्यशाळा, विजेत्यांना मार्गदर्शन, हे त्यांना मनापासून आवडतं.

१५. तिकीट लावलं तर कर लागतो का?

गाण्याचा, नृत्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम असेल आणि माणशी प्रवेश ५०० रुपयांपर्यंत असेल तर तो जीएसटीमधून मुक्त आहे. त्यापुढे कर येतो. स्वतःच्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना कॉलेज देत असलेल्या सेवांना वेगळी सूट आहे, पण बाहेरच्या प्रेक्षकांना ती लागू होत नाही. तिकीट लावण्याआधी प्रश्न १८ वाचा, कारण तिकिटाने संगीताच्या परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तिकिटावर 'कार्यक्रम रद्द झाल्यास' काय होईल ते छापा.

१६. प्रत्येक विद्यार्थ्याने ५०० रुपये द्यायचे असं ठरवलं तर?

ऐच्छिक असेल तर ठीक. सक्ती नाही. मंजूर फीव्यतिरिक्त सक्तीने पैसे घेणं महाराष्ट्रात कायद्याच्या कचाट्यात येतं, आणि 'पैसे दिले नाहीत तर हॉल तिकीट नाही' हे तर कोणी बोलूनही दाखवू नये. वर्गप्रतिनिधीने न देणाऱ्यांची नावं ग्रुपवर टाकणं हीसुद्धा सक्तीच आहे. घरून डबा आणून एसटीच्या पासवर शिकणाऱ्या मुलीला गॅदरिंगला यायची लाज वाटावी, असा गॅदरिंग आपल्याला नको.

१७. सेलिब्रिटी कलाकार बोलवायचा आहे. मानधन कसं द्यायचं?

करार संस्थेशी व्हावा, विद्यार्थी मंडळाशी नाही. करारात मानधन, जीएसटी, प्रवास, निवास, सोबत किती माणसं, किती मिनिटांचा कार्यक्रम, आणि कोणी रद्द केलं तर ॲडव्हान्सचं काय, हे सगळं हवं. मधल्या एजंटकडे कलाकाराचं अधिकारपत्र मागा.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच त्यातून कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापावा लागतो. ठेकेदारी स्वरूपाच्या कामावर, एका बिलाची रक्कम ३०,००० वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखावर गेली, तर व्यक्तीला १ टक्का आणि कंपनीला २ टक्के. व्यावसायिक मानधनावर साधारण १० टक्के. पॅन दिला नाही तर २० टक्के. 'मला हातात पूर्ण रक्कम हवी' असं कलाकाराने सांगितलं तर कराचा भार कॉलेजवर येतो, म्हणून बोलणी करतानाच 'टीडीएस वजा जाता' हे शब्द उच्चारा.

१८. गाणी वाजवायला परवाना लागतो का? गॅदरिंगला आजवर कोणी विचारलं नाही.

प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये शैक्षणिक संस्थांना सूट आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी-शिक्षकांनीच सादरीकरण केलं आणि प्रेक्षकांत विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोकच असतील, तर परवाना लागत नाही. घरचं गॅदरिंग यात बसतं. बाहेरच्यांना तिकीट विकलं, डीजे बोलावला किंवा व्यावसायिक गायक आणला की या सुटीचा आधार उरत नाही. मग संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो, आणि त्याचं शुल्क अंदाजपत्रकात आधीच धरायला हवं. नाटकाचा जाहीर प्रयोग करत असाल तर लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, हे दोन्ही पाहा.

१९. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) किंवा जिमखान्याच्या शीर्षात पैसे पडून आहेत. ते वळवता येतील का?

एनएसएसचे नाही. तो नियमित कार्यक्रम आणि विशेष शिबिरासाठी बांधलेला निधी आहे. जिमखान्याच्या शुल्काचं पुनर्विनियोजन करायचं असेल तर सक्षम समितीचा ठराव लागतो. 'नंतर परत करू' म्हणत परस्पर उचललेली रक्कम लेखापरीक्षणात हमखास निघते.

२०. आम्ही कार्यक्रम भरवत नाही, एकांकिका घेऊन स्पर्धेला जातो. आमचा खर्च कोणी द्यायचा?

कॉलेजने, सांस्कृतिक शीर्षातून. विद्यापीठाचा युवा महोत्सव, राज्यपातळीवरचा आंतरविद्यापीठीय 'इंद्रधनुष्य', किंवा १९६३ पासून चालत आलेला पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, या प्रत्येकाचा खर्च वेगळा. पुरुषोत्तममध्ये भर संहिता, दिग्दर्शन आणि अभिनयावर आहे, त्यामुळे नेपथ्यावर उधळपट्टी करण्याचं कारणच नाही. फिरोदिया करंडकात एका प्रयोगात अनेक कला गुंफायच्या असतात, तिथे साहित्याचा खर्च येतो. तालमीच्या दिवसांतला चहा-वडापाव आणि रात्री उशिरा मुलींना घरी सोडण्याचं भाडं अंदाजपत्रकात लिहा. हा खरा खर्च आहे आणि आजवर तो दिग्दर्शक पोरांच्या खिशातून जात आला. मोठा संघ बाहेरगावी नेत असाल तर एसटीची प्रासंगिक कराराची गाडी विचारून बघा, अनेकदा ती खासगी बसपेक्षा स्वस्त पडते आणि बिलही पक्कं मिळतं.

२१. ऐन वेळी कार्यक्रम पुढे ढकलावा लागला तर दिलेल्या ॲडव्हान्सचं काय?

करारात काय लिहिलं आहे त्यावर. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनानंतर सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, तो ऐन गॅदरिंगच्या दिवसांत. असं पुन्हा होऊ शकतं. म्हणून प्रत्येक वर्कऑर्डरवर एक ओळ टाका: शासकीय आदेश, दुखवटा किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे तारीख बदलल्यास हाच ॲडव्हान्स नव्या तारखेला लागू राहील. मांडववाले आणि साउंडवाले हे सहसा मान्य करतात, आधी विचारलं तर. कलाकारांच्या बाबतीत प्रश्न १७ पाहा.

२२. तसलमात (खर्चासाठी कार्यालयाकडून आगाऊ उचल) घेतली होती, पण काही बिलं हरवली. आता?

दुकानात जाऊन दुय्यम प्रत मागा, बहुतेक जण देतात. रिक्षा, हमाली, फुलं अशा खर्चाला पक्कं बिल मिळत नाही. तिथे व्हाउचरवर तारीख, कारण, पैसे घेणाऱ्याचं नाव आणि सही घ्या, आणि असे खर्च लहानच ठेवा. दुसऱ्याच दुकानाचं बिल जोडून रक्कम जुळवू नका. खरा खर्च सिद्ध करता आला नाही तर तसं लिहून प्राचार्यांकडे टिपणी मांडा. शंभरातली नव्वद बिलं वेळेवर दिलेल्या मुलाच्या बाजूने मी नेहमी उभं राहते.

हिशेब कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत द्या. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, आणि त्यानंतर उघडी राहिलेली तसलमात सरांच्या नावावर वर्षानुवर्षं दिसत राहते.

२३. तोटा झाला तर विद्यार्थ्यांनी भरायचा का?

मंजूर अंदाजपत्रकाच्या आत खर्च झाला असेल आणि जमा कमी आली असेल, तर ती जबाबदारी मंजुरी देणाऱ्या संस्थेची. विद्यार्थ्यांकडून वसूल करू नये. मंजुरीशिवाय कोणी परस्पर ऑर्डर दिली असेल तर प्रश्न अवघड होतो, पुरवठादार त्याच मुलाच्या दारात उभा राहतो. म्हणून कुठल्याही विद्यार्थ्याने एकट्याच्या सहीने ऑर्डर देऊ नये, कितीही घाई असली तरी.

२४. पैसे उरले तर पार्टी करता येईल का? आणि पुढच्या वर्षीच्या टीमला काय द्यायचं?

विद्यापीठाच्या अनुदानातून उरलेले विद्यापीठाला परत. फीच्या शीर्षातले त्याच शीर्षात राहतात. प्रायोजकांचे संस्थेच्या खात्यात, पुढच्या कार्यक्रमासाठी. स्वयंसेवकांना एकत्र जेवण द्यायचं असेल तर ते आधीच अंदाजपत्रकात लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रात्रंदिवस राबलेल्या मुलांना ते मिळायलाच हवं.

पुढच्या टीमसाठी एक फाइल करा. त्यात मंजूर अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी, सर्व कोटेशनं (नाकारलेलीसुद्धा), प्रायोजकांची नावं आणि कोणी किती दिले, कोणी कबूल करून दिले नाहीत, पोलीस व महापालिकेच्या अर्जांच्या प्रती, आणि उपयोगिता प्रमाणपत्र असू द्या. फाइल दोन प्रतींत करा. एक कार्यालयात आवक नोंद करून जमा करा, दुसरी ग्रंथालयात ठेवा, म्हणजे नव्या खजिनदाराला ती मागायला कोणाच्या ओळखीची गरज पडणार नाही.